पाच पावले उत्तरेला

रविवार, ९ एप्रिल २०२३. सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. माळावरचे सातवे घरटे रिकामे आढळले.

घरटे म्हणजे मुरमात टाचेने करावा तेवढा खळगा आणि त्याच्या कडेने बसवलेले बारीक खडे. आदल्या दिवशी सायंकाळी त्यात टिटवीची चार अंडी होती. तशी नोंद माझ्याच हातची होती. आता खळग्यात काही नव्हते. हातभर अंतरावर कवचाचा एक तुकडा पडला होता, आतून अजून ओला. टिटव्यांची जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मी घड्याळ पाहिले, पत्रक काढले आणि 'अंडी : शून्य' असे लिहिले. पुढच्या रकान्याशी मात्र हात थांबला. रकाना होता, 'नष्ट झाल्यास संभाव्य कारण'.

आधीच्या सहा पत्रकांत त्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता : कुत्रा.

जळकोटच्या पुढे महामार्ग सोडून चढणीला लागले की हे गायरान सुरू होते. कुसळी गवत, मुरूम, तुरळक बाभळी, मधोमध एक पडकी विहीर, उताराच्या तळाशी पाझर तलाव. मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे मोजणीदार होतो. या गायरानाची मोजणी मी तीन वेळा केली. पहिल्या खेपेस साखळीने, शेवटच्या खेपेस यंत्राने. तिन्ही वेळा कागदावर शेरा एकच लिहिला : लागवडीस अयोग्य. शेरा खरा होता. अपुरा होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या वर्षी जानेवारीत पुण्याहून एक संशोधक बाई गावात आल्या. वय तिशीच्या आतले. माळावर जमिनीवरच अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास त्या करीत होत्या. आपल्याला बारा महिने इथे राहता येणार नाही, तेव्हा इथे राहणाऱ्यांनीच पाहायला आणि लिहायला शिकावे, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेत चार रविवार वर्ग घेणार होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर एका पक्ष्याचे चित्र लावले. मातकट तांबूस अंग, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी रेघ, उंच पाय. हा धाविक, तुमच्या माळावर राहतो, असे त्या म्हणाल्या. मी त्या माळावर कितीतरी उन्हाळे पायी फिरलो होतो. मला ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खात्री करायला गेलो. पक्षी होता. एक नव्हे, तीन होते. परत येऊन मी वर्गात नाव नोंदवले.

आम्ही आठ जण होतो. त्यांतल्या दोघांशीच या हकिकतीचा संबंध आहे. एक गावातले शिंपी. पन्नाशी उलटलेले, सगळा गाव त्यांना मास्टर म्हणतो. दुसरी मेंढ्या राखणारी एक बाई, साधारण त्याच वयाची. तिला लिहिता येत नव्हते.

अंतराचा अंदाज शिकवताना संशोधक बाईंनी मैदानाच्या टोकाला विटेचा तुकडा ठेवला आणि तो किती लांब आहे ते विचारले.

मास्टर डोळा बारीक करून म्हणाले, "मॅडम, पंधरा-सोळा पायजम्यांचं कापड लागंल. नाडी सोडून."

मेंढ्यावाली बाई म्हणाली, "हाकंवर बी न्हाय. हळू बोललं तरी ऐकू जातंय."

मी म्हणालो, "एकेचाळीस मीटर."

टेप धरली. एकेचाळीस मीटर वीस सेंटिमीटर भरले.

"साहेबांनी विटेला आधी नोटीस दिली असंल," मास्टर म्हणाले. "मोजणीला हजर राहा म्हणून."

सगळे हसले. संशोधक बाईंनी मला गटप्रमुख केले. मला बरे वाटले. ही गोष्ट लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून झाले.

दुसऱ्या रविवारी त्यांनी पक्ष्यांचे आवाज ऐकवले. मी पाच ओळखले. मेंढ्यावालीने चोवीस ओळखले आणि पंचविसाव्याला म्हणाली, "ह्ये आमच्यात न्हाय. ह्ये झाडीतलं हाय." ते बरोबर होते. तिच्या नोंदी कोणी लिहायच्या हा प्रश्न आला, तेव्हा ते काम गटप्रमुखाकडे आले. ती संध्याकाळी मेंढ्या कोंडून माझ्या पायरीशी येई आणि काठीवर दोन्ही हात ठेवून सांगे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक, चार अंडी. पडक्या विहिरीच्या अलीकडे एक, तीन. मी अंतर विचारी. ती म्हणे, "मला गावतंय की. अंतर कशाला?" मी लिहून घेई आणि समासात 'तोंडी' असा शेरा मारी. माझ्या खात्यात तोंडी माहितीला तेवढेच वजन असे.

वर्गात एक सूचना स्पष्ट होती. घरट्याजवळ खूण करू नका, तिथे रेंगाळू नका, लांबून पाहा. जवळ म्हणजे किती, हे सांगितले नव्हते. मी ते ठरवले : पाच पावले.

हद्द कायम करताना दगड रोवायचा आणि त्याला चुना लावायचा, हे माझ्या हाताचे वळण आहे. ज्या जागेला खूण नाही ती जागा मला सापडलेली वाटत नाही. म्हणून प्रत्येक घरट्याच्या पाच पावले उत्तरेला एक दगड ठेवायचा आणि त्याच्या माथ्याला चुना फासायचा, असा नियम मी केला. उत्तर यासाठी की सगळ्यांची दिशा एक राहावी. चुना मास्टरांनी कालवला. मार्चअखेर माळावर पंधरा पांढरे दगड झाले. नऊ माझ्या भागात, सहा इतरांच्या. चढणीवरून पाहिले की काम नेटके दिसे.

मेंढ्यावालीने तिच्या पाच घरट्यांना दगड ठेवू दिले नाहीत.

"सायब, माळाला देवी आल्यागत दिसाय लागलंय," ती म्हणाली. "माझ्या घरट्यास्नी नगं."

मी तो हट्ट समजलो.

मार्च संपता संपता अंडी नाहीशी होऊ लागली. आधी एका घरट्यातली, तीन दिवसांनी दुसऱ्यातली, मग दिवसाआड. मुरमावर पाऊल उमटत नाही. माळावर रोज येणारा, अंडे फोडू शकेल असा प्राणी माझ्या माहितीत एकच होता, तो म्हणजे मेंढ्यावालीचे कुत्रे. काळे, डावा कान फाटलेला. तिच्या पाच घरट्यांना काही झाले नव्हते. त्यामुळे माझा संशय उलट पक्का झाला. ती बसते तिकडे कुत्रे तिच्या डोळ्यांसमोर असते, माझ्या भागात ते मोकळे फिरते, असे मी गणित मांडले. कुत्र्याने अंडे खाताना मी एकदाही पाहिले नव्हते.

पत्रकांच्या प्रती मी सरपंचांना दिल्या. सोबत सूचना दिली की पाऊस पडेपर्यंत माळ चराईला बंद करावा. सोमवारी, दहा तारखेला, ग्रामसभेत तो विषय होता.

तिच्यापाशी चाळीस-बेचाळीस मेंढ्या होत्या. नवऱ्याचा पाय मोडून दीड वर्ष झाले होते. तो घरात काठीने फिरे. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत तिला या माळाशिवाय चारा नव्हता. माळ बंद झाला असता तर एकटीने कळप घेऊन सीमेपलीकडे कानडी मुलखात उतरायचे, नाहीतर मेंढ्या विकायच्या. हे गावाला माहीत होते. मलाही होते. माणूस पाहून नियम करू नये, असे माझे मत होते. आजही आहे.

तर सातव्या घरट्याशी मी पत्रक हातात धरून उभा होतो. साडेसातच्या सुमारास कळप चढण चढून वर आला. मागून ती, तिच्या पायाशी कुत्रे.

"सातवं बी गेलं व्हय, सायब?"

"गेले."

"आन् लिवलं का कुत्रं?"

"अजून लिहिले नाही."

"मग हात आखडा जरा." तिने खांद्यावरची दोरी काढली, कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि दुसरे टोक माझ्या हातात दिले. "ह्याला आज दिवसभर तुमच्यापाशी ठिवा. खुटीला न्हाय. हातात. आज अंडं गेलं तर ते ह्याचं न्हाय. आन् न्हाय गेलं तर उद्या गावाम्होरं म्या सवता उठून म्हणती, माळ बंद करा."

"एका दिवसाने काही सिद्ध होत नाही."

"तुमी जमीन किती दिसांत मोजायचे?"

"साधारण एका."

"झालं तर मग," असे म्हणून ती कळपामागे निघून गेली. कुत्र्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. दोनदा दोरीला हिसका देऊन पाहिला आणि नंतर बसले.

आठवे आणि नववे घरटे एकाच वेळी दिसतील अशी जागा एका बाभळीखाली होती. आठव्यापासून अंतर साठ मीटर, नवव्यापासून सत्तर. आठवे माळटिटवीचे होते. तिच्या तोंडाशी पिवळे पाळे असते. त्यात चार अंडी. नववे साध्या टिटवीचे, त्यात तीन. मी छत्री उघडली, दुर्बीण गळ्यात घातली, पाण्याची बाटली आणि भाकरी बाजूला ठेवली. कुत्रे सरकत सरकत छत्रीच्या सावलीत आले. अर्ध्याहून अधिक सावली त्यानेच घेतली.

तोवर मी घरट्याशी जाई, मोजी, लिही आणि परत फिरे. बसून असा कधी पाहत राहिलो नव्हतो. आठ वाजून चाळीस मिनिटांनी कळपातल्या पंधरा-वीस मेंढ्या चरत चरत नेमक्या नवव्या घरट्याच्या अंगावर आल्या. आता अंडी तुडवली जाणार, असे मला वाटले. टिटवी उठली नाही. मेंढ्यांची तोंडे हातभर अंतरावर आल्यावर ती उभी राहिली, दोन्ही पंख पसरले आणि ओरडू लागली. पुढची मेंढी थांबली आणि बगलेला झाली. मागच्या मेंढ्या दोन्ही बाजूंनी फुटून निघून गेल्या आणि पलीकडे पुन्हा एक झाल्या. घरट्यावर एकही खूर पडला नाही. मी ते पत्रकाच्या मागच्या बाजूस लिहिले. पत्रकात तसा रकाना नव्हता.

सव्वानऊला महामार्गाकडून दोन डोमकावळे आले. तिकडे ढाब्यांचे उष्टे पडते. ते त्यांचे नेहमीचे ठिकाण. ते थेट माझ्या पहिल्या दगडावर उतरले. त्या दगडाजवळचे घरटे रिकामे होऊन तेरा दिवस झाले होते. एक कावळा दगडावर थांबला, दुसरा खाली उतरून चार पावले चालला, थांबला, परत आला. मग दोघे उडाले आणि दुसऱ्या दगडावर बसले. तिथेही तेच. मग तिसरा दगड.

मी दुर्बीण खाली ठेवून माझा नकाशा उघडला. त्यानंतर ते चौथ्यावर गेले, मग पाचव्यावर. दोन दगडांच्या मध्ये ते कुठेही उतरत नव्हते. एकही दगड गाळत नव्हते. हद्दीच्या निशाण्या तपासताना मी असाच फिरत असे.

नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी ते आठव्या दगडावर आले.

माळटिटवी धावून गेली. एक कावळा पळाल्यासारखे करून तिला लांब ओढत नेऊ लागला. नरही त्यांच्या मागे गेला. दुसरा कावळा दगडावरून उतरला आणि खळग्याकडे चालू लागला. साठ मीटर अंतर. मी ओरडलो असतो तरी तो उडाला असता. कुत्रे उठून उभे राहिले होते, दोरी ताणली गेली होती, घशातून गुरगुर चालू होती. मी उठलो नाही. मला खात्री हवी होती.

पाच मिनिटांत चारही अंडी गेली. मी वेळ लिहिली.

एका घरट्यावरून निष्कर्ष काढू नये. मी नवव्या घरट्याकडे गेलो, तिथला पांढरा दगड उचलला आणि ऐंशी पावले दूर, जिथे काहीच नव्हते अशा उघड्या जागी ठेवला. परत येऊन बसलो. दहा वाजून दहा मिनिटांनी कावळे पुन्हा आले. ते नवव्या घरट्याकडे गेले नाहीत. टिटवी तिथे उघड्यावर, भर उन्हात बसलेली मलासुद्धा नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. ते त्या एकट्या दगडावर उतरले आणि भोवतीच्या मुरमात शोधू लागले. आधी ते दक्षिणेकडे चालले. योगायोग असेल. पत्रकात मी तो लिहिला नाही.

अकरा वाजता तोच दगड आणखी एका मोकळ्या जागी ठेवून पाहिला. या खेपेस एकच कावळा आला. त्यानेही तेच केले. माझ्या दृष्टीने मोजणी संपली होती. हातातली दोरी सैल होती आणि कुत्रे झोपले होते. मी भाकरी काढली. ते जागे झाले. अर्धी त्याला दिली.

पावणेबाराला ऊन फार झाले. नवव्या घरट्यावरची टिटवी उठून तलावाकडे गेली आणि काही मिनिटांत परत आली. दुर्बिणीतून तिच्या पोटाची पिसे ओली, चिकटलेली दिसली. ती तशीच अंड्यांवर बसली. हे काय असावे, याचा विचार करण्यात माझी दहा मिनिटे गेली. मग मी संशोधक बाईंना फोन लावला.

"मॅडम, टिटवी पोट भिजवून येते का?"

"हो काका! अंडी तापू नयेत म्हणून. तुम्ही पाहिलंत?"

"पाहिले. दुसरी गोष्ट. अंडी कुत्र्याने खाल्लेली नाहीत. डोमकावळ्यांनी खाल्ली. दगड पाहून."

"कुठला दगड?"

मी सांगितले. नियम, दिशा, चुना, दगडांची संख्या. नंतर सकाळची हकिकत वेळांसह सांगितली.

"काका, खूण करू नका म्हटलं होतं मी."

"घरट्याजवळ करू नका, असे म्हणालात. पाच पावलांवर केली."

"अहो, कावळ्याला पाच पावलं म्हणजे काय!"

"आता कळले."

त्या रागावल्या नाहीत. मार्चमध्ये मी तुमच्याबरोबर माळावर फिरायला हवं होतं, चूक माझीही आहे, असे म्हणाल्या. मी म्हणालो की त्याला पत्रकात रकाना नाही. दुरुस्ती कशी करू ते सांगा.

"जुनी पत्रकं फाडून टाका ना. नवी भरा."

"फाडणार नाही."

आमच्या खात्यात कागद फाडत नाहीत आणि खोडून काळाही करीत नाहीत. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारायची. शब्द खालून वाचता आला पाहिजे. वर दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. बाभळीखाली बसून मी सहा पत्रकांवर ते केले. 'कुत्रा' या शब्दावर सहा वेळा रेघ मारली आणि वर लिहिले : डोमकावळा. नोंद घेणाऱ्याने ठेवलेल्या चुन्याच्या दगडावरून. सातव्या आणि आठव्या पत्रकात तेच सरळ लिहिले. 'नोंद घेणारा' या रकान्यात माझे नाव आधीच होते.

तीन वाजता गावात आलो. दोरी हातात होती. दिवसभर असे ठरले होते. मास्टर दुकानात शिवणयंत्रावर होते.

"क्या बात है साहेब. रिटायर झाल्यावर लोक नातवाला घेऊन फिरतात. तुम्ही कुत्रं काढलं फिरायला?"

मी उभ्याउभ्या त्यांना सगळे सांगितले. त्यांनी यंत्राच्या चाकावर हात ठेवून ते थांबवले.

"म्हणजे चुना मी कालवला, दगड तुम्ही मांडले आणि दावत कावळ्यांनी केली."

"होय."

"माझ्या भागातली किती गेली?"

"अजून एकही नाही. नवव्यानंतर तुमचीच."

गळ्यातली मोजपट्टी काढून त्यांनी खिळ्याला अडकवली. "तुम्ही सरपंचाकडं जाऊन या," ते म्हणाले. "मी शेजाऱ्याकडून घमेली आणतो. दगड आजच उचलायचे."

सरपंच घरीच होते. वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे. त्यांनी दुरुस्त केलेली पत्रके एकेक करून पाहिली.

"मग उद्याच्या विषयाचं काय करायचं?"

"विषय काढून टाका. सूचना माझी होती. मागे घेतो."

"लेखी लागंल."

"आणली आहे."

त्यांनी कागद वाचला, घडी घातली. कुत्र्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "साहेब, उद्या हे वाचून दाखवावं लागंल. लोक हसतील तुम्हाला."

"हसू द्या. वाचताना मी समोर असेन."

पाच वाजता मास्टर आणि मी माळावर होतो. ते त्यांच्या भागातून दगड उचलीत आले, मी माझ्या. प्रत्येक दगड उचलताना मी खालची जागा पायाने सारखी केली. ऊन उतरले होते. तलावाकडून कळप परत येत होता. मेंढ्यावाली लांबूनच कुत्रे पाहत होती. कुत्रे तिच्याकडे झेपावले. या खेपेस मी दोरी सोडली.

"गेलं का अंडं?" तिने विचारले.

"चार गेली. तुमच्या कुत्र्याने नव्हे."

"मग कुणी?"

"कावळ्यांनी. माझे दगड बघून."

तिने घमेल्यातल्या दगडांकडे पाहिले. वाकून कुत्र्याच्या गळ्यातली दोरी सोडली, गुंडाळून खांद्यावर टाकली. "भाकर घातली का ह्याला?"

"अर्धी. माझ्यातली."

"अर्धी? दिसभर राबवून घेतलं आन् अर्धी?"

मास्टर मोठ्याने हसले. मी तिला सांगितले की पत्रके दुरुस्त झाली आहेत, सरपंचांना कागद दिला आहे आणि उद्या ग्रामसभेत तो विषय येणार नाही. माळ बंद होणार नाही. ती काठीच्या टोकाने एक खडा इकडून तिकडे सारीत राहिली.

"घरी म्या मालकास्नी म्हनलं व्हतं," शेवटी ती म्हणाली, "की मंगळवारी मेंढरं घेऊन निघते. त्येंनी कालपास्नं काय खाल्लं न्हाय. आता जाऊन सांगती." मग तिने नाक पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारले, "आन् सायब, दगडाबिगर तुमाला घरटं गावायचं कसं?"

"तुम्हाला कसे सापडते?"

जानेवारीपासून मी हा प्रश्न तिला विचारला नव्हता.

ती मला नवव्या घरट्याच्या बाजूला घेऊन गेली. घरट्यापासून बरीच अलीकडे थांबली आणि काठीने दाखवू लागली.

"हितं उबं ऱ्हावा. ती येकली बाभळ दिसती का? तिच्या मागं टावर. दोन्ही येका रेघंत आलं का?"

"आले."

"आता मान डावीकडं. देवळाचा कळस त्या पडक्या हिरीच्या काठावर बसलाय का?"

"नाही. थोडा बाहेर आहे."

"मग टावराची रेघ न सोडता म्होरं चला. हळू. बसला की थांबा. पाय हलवायचा न्हाय. अंडी तुमच्या पायाम्होरं दोन हातांवर."

मी चाललो. कळस विहिरीच्या काठावर आला तिथे थांबलो. टिटवी ओरडत उठली. दोन हातांवर तीन अंडी होती, खड्यांच्याच रंगाची. मी लगेच मागे फिरलो. सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

दोन रेघा जिथे छेदतात तिथे एकच बिंदू असतो. चौतीस वर्षे मी तिपाईवर यंत्र ठेवून एवढेच करीत होतो.

"हे कोणी शिकवले तुम्हाला?"

"शिकवाय कशाला पायजे? गवतात कोकरू झालं की आईला चारून आनेपतूर जागा ध्यानात ठिवावी लागती. आमी काय त्याला चुना लावतो व्हय?"

मी पत्रकाच्या मागे दोन ओळी लिहिल्या. पहिली, एकटी बाभळ व टॉवर. दुसरी, देवळाचा कळस व विहिरीचा काठ. तिला वाचून दाखवल्या. तिने दुसरी दुरुस्त केली. काठ नव्हे, काठाचा फुटलेला दगड. मी तसे केले. नंतर तिच्या पाच पत्रकांवरच्या 'तोंडी' या शेऱ्यावर एकेक आडवी रेघ मारली, सही केली, तारीख घातली. मी काय करतो आहे ते ती पाहत होती.

"मास्टर, तुमच्या रेघा बी घ्या ध्यानात," ती जाता जाता म्हणाली.

"मी टेप लावीन, वहिनी," मास्टर म्हणाले. "माझी नजर पायजम्यापुरतीच."

कळप उतरून गेला. आम्ही दोघांनी पंधरा दगड माझ्या शेताच्या बांधावर नेले. बांधाला एके ठिकाणी पावसाने खिंडार पडले होते. तिथे ते सगळे चुन्याची बाजू खाली करून बसवले आणि वर माती ओढली.

घरी आलो तेव्हा साडेसात झाले होते. डब्यात चुना तळाशी उरला होता. टाकून देण्यासारखा नव्हता. दारातल्या कडुनिंबाच्या बुंध्याला तो फासला, कुंचला धुतला आणि खुंटीला लावला.